सव्वाचार मिनिटांची वेचणी

वेचणी सुरू व्हायच्या आधी आमच्या गावात पुरुषांचे शर्ट गायब होतात. लांब बाह्यांचे, गळ्यापर्यंत बटणं शाबूत असलेले. दोरीवर वाळत घातलेला शर्ट संध्याकाळी जागेवर नसला तर कोणी चोर शोधत नाही. घरातल्या बाईच्या अंगाकडे बघायचं. साडीवरून शर्ट, डोक्याला घट्ट फडकं आणि कमरेला ओटी, म्हणजे वेचलेला कापूस ठेवायची झोळी. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात. उघडा हात दिवसभर त्यांच्यात घातला की संध्याकाळी भाकर थापताना पीठसुद्धा झोंबतं. म्हणून शर्ट. यात दुसरा काही अर्थ असेल असं तीन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता पुन्हा बोंडं उलून फुटू लागली आहेत. सकाळी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चाललं की कपाशीच्या, आमच्या पऱ्हाटीच्या, पानांवरचं दव गुडघ्यापर्यंत लुगडं भिजवतं, आणि ऊन चढलं की त्याच पानांना कडवट, जरासा गोडसर वास येतो. दव उतरेपर्यंत वेचायला हात लावायचा नाही. ओला कापूस पिवळा पडतो. तो अर्धा-पाऊण तास बाया धुऱ्यावर बसून असतात. तंबाखू मळतात, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात, फोन बघतात. परवा त्यांच्यातल्या एकीने फोन उंच धरला आणि त्यातून ते गाणं सुरू झालं. शेतभर माझंच शेत ऐकू येऊ लागलं.

मी आठवणी काढत बसणारी बाई नाही. नवरा वणीला नोकरीला असतो, अकरा एकर मी बघते, आणि या दिवसांत मजूर, पोती, ट्रॅक्टर यांच्यापलीकडे माझं डोकं चालत नाही. पण त्या गाण्याचा व्हिडिओ माझ्या शेतात निघाला. त्याच्याबद्दल इतक्या लोकांनी इतकं काही सांगितलं की आता मीही सांगते. मी तिथे होते, एवढा अधिकार पुरे.

त्या वर्षी शाहीन माझ्याकडे आली ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मारेगावच्या मुश्ताकभाईंची मुलगी. मुश्ताकभाई ट्रॅक्टर, जीप, कोळशाचे ट्रक, जे समोर येईल ते दुरुस्त करतात. आमचा ट्रॅक्टर गेली अठरा वर्षं त्यांच्याच हाताखालून जातो. शाहीन तेव्हा तेवीसची. कॉलेज झालेलं, आवाज खणखणीत, नजर कुठेही न झुकणारी. स्वतः गाणी रचायची, स्वतः गायची, फोनवर चित्रीकरण करायची.

"काकू, मले तुमची वेचणी पायजे," ती म्हणाली.

"वेचायला येतेस की काय?"

"नाही ना. गाण्यासाठी. व्हिडिओ काढाचा हाय."

मग तिने सगळं सांगितलं. अब्बूंनी मुदत म्हणून ही एक वेचणी दिली होती. हंगाम संपेपर्यंत बाहेरच्या कोणी तिचं काम उचललं, दाखवलं, तर गॅरेजला लागून असलेली जुन्या टायरांची खोली रिकामी करून तिच्या हवाली. तिथे तिने स्टुडिओ काढावा. नाहीतर नागपूरला फुफीकडे, म्हणजे आत्याकडे, जायचं, एका दवाखान्यात कागदपत्रांची नोकरी ठरलेली होती, ती धरायची. मुश्ताकभाई वाईट माणूस नाही. ते एकदा मला म्हणाले होते, "भाभी, इंजिन का काम हो तो आवाज सुन के बता दूं. ये लडकी का काम चलेगा की नहीं, मेरे को क्या समझे?" ज्याला समजत नाही त्याने मुदत घालून द्यावी, हे मला रास्तच वाटलं होतं.

मी तिला होकार दिला. शेत दिसायला काय जातं?

शाहीनने दिवस धरला तो नेमका पहिल्या वेचणीचा. तिचा हिशोब सरळ होता: पहिला दिवस म्हणजे बाया ताज्या, काम जोरात, शर्ट-फडकी सगळं अंगावर. ती बाजारपेठेत वाढलेली. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही असते हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तिला ते ठाऊक नसेल हे माझ्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी शेतात पऱ्हाटीची पूजा होते. चार-पाच झाडं एकत्र घेऊन त्यांना दोरा गुंडाळायचा, हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, उरलेला दहीभात चहूकडे शिंपायचा आणि मग पहिलं बोंड हाती घ्यायचं. अशा दिवशी कामाचे कपडे घालून कोणी येतं का? त्यात 'शूटिंग' आहे हे गावभर झालेलं. सतरा बाया आल्या त्या लग्नाला आल्यासारख्या. जरीचे काठ, हिरव्या-जांभळ्या चमकत्या साड्या, तोंडाला पावडर, केसांत अबोलीचे गजरे. रेखा, आमच्या टोळीतली सगळ्यात तरुण, भाचीच्या बारशाला घेतलेल्या उंच टाचांच्या चपला घालून ढेकळांतून चालत आली.

शाहीनचा चेहरा पडला. "मावशी, हे काय घालून आल्या? मले रोजच्यासारखं पायजे होतं."

ती हे पंचफुलाला म्हणाली. पंचफुला टोळीची म्होरकी, पन्नाशीची, आवाज असा की तीन शेतं पलीकडे बैल थांबतात. तिने कमरेवर हात ठेवले.

"रोजच्यासारखं? माय वो, रोज तं पायतेच मले माहा नवरा. फोटोत कायले पायजे?"

"पण मावशी, कापूस वेचून राह्यल्या तुमी, असं दाखवाचं हाय."

"वेचतो ना. कोण नाही म्हणते? पण मयक्या शर्टात फोटो काढत नसतात. उद्या माहे नातवंडं पायतीन, म्हणतीन आजी भिकारीण होती काय."

दहीभात झाला. दोरा गुंडाळून झाला. मग बायांनी वेचायला हात घातला आणि पहिल्या पाच मिनिटांत रेखाच्या साडीचा पदर बोंडाच्या टोकात अडकून चर्रकन फाटला. सगळ्या थांबल्या. नव्या साड्यांची काळजी आणि वेचणीची सवय यांचा झगडा सतरा चेहऱ्यांवर एकदम दिसत होता. मी धुऱ्यावरच्या पिशवीकडे बघितलं. प्रत्येकीने शर्ट आणलेला होताच, पूजेनंतर कामाला म्हणून, पिशवीच्या तळाशी दडवलेला. मी म्हटलं, "साडी राहू द्या. वरून शर्ट घाला. वरचं शाहीनचं, खालचं तुमचं."

असा तो व्हिडिओ झाला. गुडघ्यापासून खाली जरी, कमरेपासून वर नवऱ्याचा चौकड्यांचा, पट्ट्यांचा, कॉलर फाटलेला शर्ट, आणि फडक्याच्या कडेने डोकावणारा गजरा.

व्हिडिओ सव्वाचार मिनिटांचा आहे. पहिल्या चित्रात ना आभाळ, ना शेत. एका शर्टाचं बटण आहे. पांढऱ्या शर्टाला काळ्या दोऱ्याने लावलेलं निळं बटण, पडद्याएवढं मोठं. त्यावर पंचफुलाची बोटं येतात आणि ते लावतात. मग दुसरं, मग तिसरं. शेवटचं बटण लागलं की गाणं सुरू होतं. लढाईला निघालेला माणूस चिलखत घालतो तसं ते दिसतं, असं माझा भाचा म्हणाला. मला तर त्यात पोराला शाळेत पाठवताना बटणं लावणारी बाई दिसते, फक्त या वेळी ती स्वतःची लावतेय. दोन्ही खरं असू शकतं.

नंतर कॅमेरा जमिनीवर जातो. काळी माती, गळालेली लाल पानं, एक मुंगळा. आणि तिथून चित्र टुक्-टुक् करत वर चढतं, एका दमात नव्हे, बोटाबोटाने, हिसके देत. पानं जातात, हिरवी बोंडं जातात, उललेली बोंडं येतात आणि बायांच्या ओट्यांवर येऊन ते थांबतं. सतरा ओट्या, भरत जाणाऱ्या. चेहरे नाहीत. गाण्याचा तालही तोच, टुक्-टुक्. हे चित्र कुठल्या महागड्या यंत्राने काढलं असं पुष्कळांनी विचारलं. तो मुश्ताकभाईंच्या गॅरेजमधला ट्रकखाली लावायचा जॅक होता. त्यावर फोन, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेला. शाहीन मातीत पालथी पडून दांडा मारत होती. दांड्याचा आवाज रेकॉर्ड झाला, तो काढता येईना, तर तिने गाण्याचाच ताल त्याच्यावर बसवला. मुश्ताकभाईंनी जेव्हा पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा गाण्याचं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "इसमें तेल कम है. किसने हाथ लगाया मेरे जॅक को?"

जॅक तेवढाच चढतो, म्हणून चित्र ओटीपाशी थांबतं. हे मी बघितलंय. पण जॅकखाली एक पेटी ठेवली असती तर ते चेहऱ्यापर्यंत गेलं असतं, आणि पेटी बाजूलाच पडलेली होती. शाहीनने ती ठेवली नाही. आता यात अडचण किती आणि इरादा किती, कसं वेगळं करायचं? स्वयंपाकात कांदा संपला म्हणून केलेली भाजी चवीला लागली की आपण तिला चुकून झालेली म्हणत नाही. पुढच्या वेळी मुद्दाम तशी करतो. अडचणीतून निघालं म्हणून ते कमी अस्सल ठरत नाही, हे मी शेतातच शिकले आहे.

शेत पांढरंशुभ्र नाही, हीसुद्धा एक तक्रार होती. पहिली वेचणी आहे ती. शेत हिरवं असतं आणि पांढरं मधूनमधून, पाटीवर खडूचे ठिपके दिल्यासारखं. कॅलेंडरवरचा कापूस बघायची सवय असलेल्यांना हे शेत आजारी वाटलं.

गाण्याचं धृपद पंचफुलाचं आहे. कोणीतरी कापसाला सोनं म्हणालं, तेव्हा गाठोडं डोक्यावर चढवता चढवता ती फिसकारली होती, "सोनं असतं तं गळ्यात असतं, डोक्यावर काहून असतं?" शाहीनने ते तिथल्या तिथे तळहातावर लिहून घेतलं. व्हिडिओत ही ओळ तीनदा येते. पहिल्यांदा येते तेव्हा गाठोडं डोक्यावर चढतं. दुसऱ्यांदा बाया रांगेने धुऱ्यावरून चालतात, मान ताठ, कारण डोक्यावर ओझं असलं की मान ताठच ठेवावी लागते; पण गाण्यासोबत ती ताठ मान निराळीच दिसते. तिसऱ्यांदा सगळ्या गाठोडी टाकतात, वळतात, आणि सरळ कॅमेऱ्यात बघतात. गाणं थांबतं. अकरा सेकंद काहीच नाही. आणि मग पंचफुला हसते.

दात दाखवून, मिश्री लावलेल्या काळपट हिरड्या दाखवून, पोट धरून. का हसली ते मला माहीत आहे. मागे रेखाची टाचांची चप्पल ढेकळात रुतली आणि ती धपकन बसली. पण रेखा चित्रात दिसत नाही. फक्त पंचफुला, नवऱ्याच्या शर्टात, तुमच्याकडे बघत हसताना दिसते. एकीचं बघून दुसरी, मग सगळ्याच जणी. तिथेच व्हिडिओ संपतो. रेखा पडली हे ठाऊक असूनही मी जेव्हा जेव्हा ते बघते तेव्हा मला वाटतं, या बाया मला हसताहेत. तुम्हालाही तसंच वाटतं. त्या हसण्यात आपण कुठे उभे आहोत, हे प्रत्येकाला स्वतःचं स्वतः ठरवावं लागतं. या व्हिडिओचा अर्थ विचाराल तर माझ्यापुरता एवढाच आहे.

अर्थ सांगणारे मात्र खूप निघाले. शहरातल्या एका तरुणाने या सव्वाचार मिनिटांवर वीस मिनिटं भाषण केलं. बायांच्या अंगावरचे शर्ट हे त्यांच्या गेलेल्या नवऱ्यांचे आहेत, म्हणाला. हा रिकाम्या घरांचा गणवेश आहे. आणि ते शेवटचं हसणं म्हणजे दुःखाने वेडावलेल्या स्त्रियांचा आक्रोश. आवाज जड करून सांगत होता बिचारा. ते भाषण गावातल्या फोनांवर फिरलं. पंचफुलाचा नवरा मारोती तेव्हा पानठेल्यावर बसला होता. त्याने ते पूर्ण ऐकलं आणि शेताकडे आला, चांगलाच बिथरलेला.

"अवो काकू, मले मारून टाकलं ना त्यानं! माहा शर्ट, माही बायको, अन् मी मेलो म्हणते!"

पंचफुला वेचता वेचता, मान न वळवता बोलली, "बरं झालं, संध्याकाळचा चहा वाचला. मेलेल्या माणसाले कायले पायजे चहा?"

पुढे आठवडाभर त्याला पानठेल्यावर कोणी 'मारोतीभाऊ' म्हटलं नाही. 'कैलासवासी' म्हणूनच हाक मारायचे.

पण हे सगळं नंतरचं. मध्ये एक सकाळ आहे, आणि तिच्याबद्दल लिहिताना माझ्याकडूनही काही कबूल व्हायला हवं.

शाहीनने आधी व्हिडिओचा एक मिनिटाचा तुकडा टाकला होता. तो पुण्यातल्या एका वाहिनीच्या माणसाने बघितला आणि पूर्ण व्हिडिओ मागवून घेतला. इंटरनेटवर नव्या गायकांची कामं दाखवणारी वाहिनी, बघणारे लाखांनी. त्याचा फोन आला तेव्हा शाहीन गॅरेजमधून धावत स्टँडवर आली, तिथून मला फोन केला, आणि तिला नीट बोलताही येत नव्हतं. घेतो म्हणाला. दाखवतो म्हणाला. फक्त तीन बदल.

दुसऱ्या वेचणीच्या दिवशी ती शेतात आली. आता शेत पांढरं झालं होतं, कॅलेंडरसारखं. दव उतरायचं होतं; बाया धुऱ्यावर बसल्या होत्या. शाहीनने ते तीन बदल मला सांगितले. सुरुवातीला बटण नको, भेगा पडलेली जमीन हवी. त्यावर एक पाटी: 'जिथे कापूस पिकतो आणि माणसं मरतात, तिथून.' आणि शेवटचं हसणं काढायचं. त्याऐवजी पंचफुलाचा एक चेहरा होता, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे डोळे मिटून घेतलेला. तो रडल्यासारखा दिसतो, तिथे संपवायचं.

"काकू, दोन दिवसांपासून भेगा शोधून राह्यली मी," ती म्हणाली. "वाळलेलं तळं सापडलं एक. काढून आणल्या."

इथे एक सांगायला हवं. आमची माती काळी आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच, पडायलाच हव्यात. चांगल्या पावसाच्या पुढच्या वैशाखातसुद्धा पडतात. ती माती स्वतःला नांगरून घेते. ज्या रानाला भेग पडत नाही त्याच्याकडे आम्ही संशयाने बघतो. पण शहरात भेगाळलेल्या जमिनीचं चित्र कुठेही लावलं की त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो आमच्या जिल्ह्याच्या नावापुढे आयताच चिकटवलेला आहे. नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा हळवा होतो, आवाज खाली येतो. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या बैठकीत मी हे अनुभवलंय. बारा महिन्यांत आमच्याकडे बारशी होतात, भांडणं होतात, नाटकं बसतात, माणसं जगतात आणि मरतातही. पण बघायला येणाऱ्याला त्यातलं एकच हवं असतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी काय म्हटलं? मी म्हटलं, "टाक भेगा. काय बिघडतं? खोली मिळते ना तुला? एकदा नाव झालं की पुढचं गाणं तुझ्या मनासारखं कर. आता नाही म्हणशील तर नागपूरला कागद लावत बसशील."

मला ते शहाणपणाचं वाटलं. अजूनही त्यातलं गणित चूक होतं असं मी म्हणणार नाही. शाहीनने मान डोलावली. तिलाही हेच ऐकायचं होतं, म्हणून तर ती आधी माझ्याकडे आली होती. मग म्हणाली, "मावशीले विचारतो एकदा. चेहरा त्याइचा हाय."

पंचफुलाने सगळं ऐकून घेतलं. शाहीनने फोनवर बदललेला शेवट दाखवला. पंचफुलाने स्वतःला डोळे मिटलेलं पाहिलं.

"मी रडून राह्यली का इथं?"

"नाही मावशी. ऊन लागलं होतं तुमाले. पण तसं दिसते."

"अन् हासलेलं कुठं गेलं?"

"थे कापा म्हणते."

"काहून?"

शाहीन माझ्याकडे बघू लागली. मी म्हटलं, "पंचफुला, त्या लोकांना वाटतं की दुःखाचं गाणं आहे, त्यात हसणं शोभत नाही."

"दुःखाचं कुठं हाय? माही ओळ हाय थे. मी का रडत म्हनली होती?" तिने फोन रेखाच्या हातात दिला. "पाय वो, तुह्यामुळं हासली होती मी. आता दिसतो कशी, जशी कोणाच्या तेराव्याले बसली."

रेखाने बघितलं, पुढची पुढची बघत गेली. फोन सतरा हातांतून फिरून आला तोवर दव उतरलं होतं, पण कोणी उठलं नाही. मी घड्याळ बघत होते, हे खोटं सांगत नाही. अर्धा तास गेला होता.

मग पंचफुला शाहीनला म्हणाली, आणि आवाज चढवला नाही, "बेटा, तुले खोली पायजे. मले समजते. माहा चेहरा लाव, शर्ट लाव, साडी लाव. पण मी रडली नाही तं रडली म्हणून दाखवू नको. माह्या घरी मी खरी रडली तवा कोणी आलं नाही फोटो काढाले. हासणं माहं हाय, थे कापाचा हक त्याले कोणी देल्ला?"

शाहीनने तिथेच पुण्याला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"सर, बदल नाही करत मी. जसा हाय तसाच घ्या."

तो माणूस उद्धट नव्हता. उलट फार सौम्य होता, आणि तेच जास्त लागलं. म्हणाला, "शाहीन, तुमच्या भागाची वेदना आम्हाला लोकांपर्यंत पोचवायची आहे. हसणाऱ्या बायका बघून लोकांना ती कशी कळणार?"

पंचफुलाने फोनकडे तोंड केलं. "साहेब, रडणाऱ्या बाया पायजे असतीन तं मयतीले या. वेचणीले याल तं हासतोच आमी."

पलीकडून, "बघा विचार करून," आणि फोन बंद.

बाया उठल्या. एकेक तास, म्हणजे झाडांची ओळ, धरून वेचायला लागल्या. शाहीन धुऱ्यावर बसून राहिली, फोन मांडीवर पालथा. मी तिच्याजवळ गेले. मीच तिला दुसरा रस्ता दाखवला होता आणि तो एका सकाळीत मोडला होता.

"काकू, आता अब्बूले काय सांगू?"

"जे झालं ते."

तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. मुश्ताकभाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले, ट्रॅक्टरचं निमित्त काढून. मी त्यांना अख्खा प्रसंग सांगितला, माझा सल्लाही सांगितला. ते तेलकट हात पुसत राहिले. "भाभी, शर्त तो शर्त है," म्हणाले. "खोली नहीं दूंगा." मग निघताना, ट्रॅक्टरवर हात ठेवून, "लेकिन नागपूर को फोन करके मना कर दिया मैंने. जो लडकी बनते काम को ना बोल सकती, उसको दवाखाने में क्या बिठाना. झगडा करेगी उधर."

शाहीनने व्हिडिओ स्वतःच टाकला, बटणापासून हसण्यापर्यंत, जसा होता तसा. लाखांनी काही बघितला नाही. मारेगाव, वणी, नेर, पांढरकवडा, इथल्या फोनांवर फिरला, ट्रकवाल्यांनी पार चंद्रपूरपर्यंत नेला. मोठ्या शहरांतून तुरळक लोक आले, भाषणं करून गेले. खोली मिळाली नाही. शाहीन गॅरेजच्या मागच्या पत्र्याखाली बसून काम करते, आणि पोटापाण्याला लग्नांचे व्हिडिओ काढते.

या वैशाखात माझ्या पुतण्याचं लग्न नेरला झालं. व्हिडिओ काढायला शाहीन होती. मंडप तापलेला, पंखे गरम हवा फेकत होते, आणि नवरी पाटावर बसलेली, मुंडावळ्यांखाली मान छातीला लागलेली. तिला सकाळपासून सगळ्यांनी मिळून शिकवलं होतं, खाली बघ, खाली बघ. शाहीनने कॅमेरा डोळ्यावरून काढला आणि म्हणाली, "ताई, वर पाय. सरळ माह्याकडं."

नवरीने चाचरत मान वर केली. लगेच आमच्या घरातले थोरले दीर पुढे आले. "अहो, हे काय? मुलीनं असं टक लावून बघायचं का? आल्बममध्ये नातेवाईक काय म्हणतील? खाली बघू द्या तिला."

शाहीन हलली नाही. कॅमेरा तसाच धरून उभी. दीर माझ्याकडे वळले, कारण शाहीनला बोलावलं होतं मी. "वहिनी, तुम्ही सांगा हिला. थोडं आपल्या मनासारखं करायला काय हरकत आहे?"

अगदी माझ्याच तोंडचं वाक्य होतं ते. 'काय बिघडतं?' म्हणून धुऱ्यावर मी हेच म्हटलं होतं.

"हरकत आहे," मी म्हटलं. "भाऊजी, तुम्ही जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतेय तिच्या तोंडावर."